वडसा : अप-डाऊनच्या दोन पाळ्या

गडचिरोली जिल्ह्यात तालुके 12 आणि प्रवासी गाडी थांबते असे स्टेशन एकच, वडसा. तेही जिल्ह्याच्या मधोमध नाही. उत्तरेच्या पार कडेला, वैनगंगेच्या काठी आहे. गाडी पूल ओलांडून ब्रह्मपुरीकडे निघाली की गडचिरोली संपते आणि चंद्रपूर जिल्हा लागतो. दक्षिण टोकाच्या सिरोंच्यातल्या माणसाला रेल्वे हवी असेल तर तो आपल्या जिल्ह्याच्या स्टेशनकडे पाठ करून तेलंगणातले मंचेरियाल गाठतो. म्हणून 'गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे आहे' हे विधान भूगोलाच्या पेपरात बरोबर आणि सिरोंच्यात थट्टेचे ठरते.

रेल्वेच्या लेखी गाव वडसा, तर तालुका आणि नगरपरिषद देसाईगंज. नवखा पाहुणा खिडकीवर देसाईगंजचे तिकीट मागतो आणि मागच्या रांगेची करमणूक करतो. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 28 हजारांच्या घरात होती. पण हे शहर डोकी मोजून कळत नाही. सकाळी किती बाहेर पडली, किती आत आली आणि रात्री किती गायब झाली, याची वजाबाकी करावी लागते.

गावाला गाव केले ते रेल्वेने. बंगाल नागपूर रेल्वेच्या छोट्या लाइनवरून इथला धान आणि जंगलचा माल बाहेर जाई. 1990 च्या दशकात गोंदिया–बल्लारशा मार्ग ब्रॉडगेज झाला आणि गाड्यांचा वेग वाढला, निदान मालगाड्यांचा. मार्ग एकेरी असल्याने समोरून गाडी आली की कोणीतरी बाजूला थांबायचे असते, आणि हा मोठेपणा बहुधा पॅसेंजरच दाखवते. त्याआधीच 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. नवा जिल्हा आला, त्याबरोबर कचेऱ्या आल्या, कर्मचारी आले आणि त्यांच्यामागोमाग अप-डाऊन आले.

अप-डाऊनची पहिली पाळी सकाळची. ब्रह्मपुरीत कॉलेजे आहेत, दवाखाने आहेत, मुलांच्या शिकवण्या आहेत. त्यामुळे नोकरी नदीच्या अलीकडे आणि बिऱ्हाड पलीकडे, अशी अनेकांची मांडणी. वडशातले गुरुजी आरमोरी–कुरखेड्याकडे निघतात, तर वडशाला येणारे साहेब पलीकडून येतात. कर्मचाऱ्याने मुख्यालयी राहावे, असा शासनाचा आग्रह आहे आणि कागदोपत्री तो तंतोतंत पाळला जातो. कागदावर वडसा हे दाट वस्तीचे शहर आहे. संध्याकाळी स्टेशनवर उभे राहिले तर ही सगळी वस्ती गाडीची वाट पाहताना दिसते.

दुसऱ्या पाळीसारखे महाराष्ट्रात अन्यत्र काही नसावे. वडसा ही झाडीपट्टी रंगभूमीची पेठ आहे. नाटक मंडळ्यांची कार्यालये इथे ओळीने थाटलेली. नटनट्यांच्या छायाचित्रांचे फलक इतके मोठे, की त्यामागे कार्यालय आहे याचा अंदाजच बांधावा लागतो. भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई, म्हणजे इथली जत्रा, भरू लागली की हंगाम सुरू होतो, तो होळीच्या आसपासपर्यंत चालतो. खेड्यातली मंडळी येऊन नाटक 'ठरवून' जातात. बोलणी लग्नासारखीच होतात, फक्त मुलगी पाहायची नसते. दिवस ढळला की कलावंत, ऑर्गन, तबला आणि पडदे घेऊन गाड्या निघतात. प्रयोग रात्री उशिरा सुरू होतो आणि उजाडेपर्यंत चालतो. खलनायक सकाळी वडशाला परततो तेव्हा गुरुजी गाडीला किक मारत असतात. एकाला झोप हवी असते, दुसऱ्याची अजून पुरी झालेली नसते. तर्री-पोह्याच्या गाडीवर दोघांची गाठ पडते.

या नाटकांची जोडी पूर्वी शंकरपटाशी होती. दिवसा बैलांच्या शर्यती, रात्री पाहुण्यांना नाटक. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली. डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्राला पुन्हा परवानगी मिळाली आणि मे 2023 च्या निकालाने ती पक्की झाली. मधल्या काळात बैल घरी बसले, नट बसले नाहीत. त्याच 2023 मध्ये झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली आणि राजधानीला या भागातले नक्षलवादाव्यतिरिक्तही काही ऐकू आले.

सोयींच्या यादीत भातगिरण्या, बाजार, बसस्थानक आणि नदी येतात. नदी कधी कधी गैरसोयींच्या यादीत जाते. वरच्या अंगाला गोसीखुर्द धरण आहे, त्याला 33 दरवाजे. ते उघडले की खालच्या गावांचे रस्ते बंद होतात. ऑगस्ट 2020 अखेरच्या पुराने हे सगळ्यांना नीट शिकवले. जंगलही लांब नाही. तीन जिल्ह्यांत 13 माणसे मारणारा सीटी-1 हा वाघ ऑक्टोबर 2022 मध्ये वडसा वनविभागातच पकडला गेला. तेव्हापासून अंधारात दुचाकीने निघणाऱ्याला घरचे लोक थट्टेत काही म्हणत नाहीत.

वडसा–गडचिरोली ही सुमारे 52 किलोमीटरची नवी लाइन 2011-12 मध्ये मंजूर झाली. ती पूर्ण झाली की 'जिल्ह्यातले एकमेव स्टेशन' ही पदवी वडशाच्या हातून जाईल. पण जंगल, जमीन आणि वाढता खर्च यांनी तूर्त ती राखली आहे. गोंदिया–बल्लारशा मार्गाच्या 240 किलोमीटर दुहेरीकरणाला केंद्राने एप्रिल 2025 मध्ये मान्यता दिली आणि मुदत 2030-31 ची ठेवली. तोपर्यंत बाजूला थांबण्याचा मान पॅसेंजरकडेच आहे.