तीन तिघाडा

व्यावसायिक फोटोग्राफर कोण, याची व्याख्या कायद्यात काय असेल ती असो. मुंबईतल्या वॉचमनची पक्की आहे. ज्याच्याकडे ट्रायपॉड, तो धंदेवाला. दागिन्यांची अख्खी जाहिरात कुणी मोबाइलवर शूट करून नेली, तर हा त्याला ऊन लागू नये म्हणून बाजूला सरकेल. पण ट्रायपॉडचे पाय जमिनीला टेकले की वाजलीच शिट्टी! बळीराजानंतर तीन पायांचा एवढा धसका दुसऱ्या कुणी घेतला नसेल.

मी लग्नांचे फोटो काढतो. हल्ली प्रीवेडिंग हेच मुख्य कार्य. लग्न त्यानंतर सवडीने उरकतात. प्रत्येक जोडप्याला मागे सीएसएमटी हवंच. 2004 पासून ती इमारत जागतिक वारसा आहे, त्यामुळे अख्ख्या जगाला तिच्यावर हक्क सांगता येतो, फक्त मला नाही. इमारत रेल्वेची, समोरचा फुटपाथ महापालिकेचा, मधली वाहतूक पोलिसांची आणि ड्रोन उडवायचा म्हटलं तर आकाशसुद्धा सरकारचं. एका फ्रेममध्ये इतके मालक, की नवरा-नवरी तेवढी बिनहरकत.

पुरातत्त्व खात्याने 2018 साली बहुतेक स्मारकांच्या आवारातली फोटोबंदी उठवली, हे चांगलंच केलं. ट्रायपॉडला मात्र परवानगी लागतेच. कान्हेरीच्या कातळाने दोन हजार वर्षांचे पावसाळे अंगावर घेतले, पण माझ्या स्टँडच्या रबरी बुचांचं ओझं त्याला सोसवणार नाही म्हणे.

म्हणून एकदा रीतसर अर्ज करायला एका कचेरीत गेलो. फॉर्म सिनेमावाल्यांसाठी बेतलेला. 'कथेचा सारांश' या रकान्यात मी लिहिलं : मुलगा आणि मुलगी यांचं लग्न ठरलं आहे.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "पुढे?"

"पुढे काही नाही, मॅडम. ती दोघं हसत समुद्राकडे बघतात."

"संघर्ष वगैरे?"

"तो मुहूर्तानंतर."

"आक्षेपार्ह दृश्यं?"

"नवऱ्या मुलाचा नाच आहे थोडा."

त्यांनी 'नाही' वर टिक केली आणि पेन एका रिकाम्या रकान्यावर टेकवलं. "दिग्दर्शकाचं नाव राहिलंय."

माझं नाव लिहायला घेतलं आणि थांबलो. कुठे उभं राहायचं, पदर कुठल्या खांद्यावर, कुणी कुणाकडे किती बघायचं, हे सगळं आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर ठरवून आलं होतं. मुकाट्याने मुलीच्या आईचं नाव लिहिलं.