मुक्काम पोस्ट पोर्ट ऑफ स्पेन

पोर्ट ऑफ स्पेन, त्रिनिदाद
माघ वद्य पक्ष, शिवरात्र जवळ आली आहे

तीर्थरूप दादांचे सेवेसी,
धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मोबाइलच्या पडद्यावर येतो तो निरोप, पत्र नव्हे, आणि निरोपास उत्तर देण्याची आपल्या घराण्यात वहिवाट नाही, असा तुम्ही दिलेला निकाल चिरंजीवांच्या द्वारा मजपर्यंत पोचला. त्यावर अपील करण्याचा हक्क धाकट्यास नसल्यामुळे फाउंटन पेन व रेघांचा कागद पैदा करून हे पत्र लिहावयास बसलो आहे. ते साताऱ्यास पोचेपर्यंत आम्ही या घरातून हललेले असू, की याच गॅलरीत याच वेताच्या खुर्चीवर बसलेले असू, हे सर्वस्वी कंपनीच्या मर्जीवर अवलंबून आहे. कंपनीने आम्हांस सदनिका देण्याचे कबूल केले आहे खरे. परंतु तिचा रंग वाळायचा आहे असे आम्ही विमानातून उतरलो तेव्हा समजले, आणि तो अद्याप वाळतोच आहे, यावरून येथील हवा किती दमट असेल याचा अंदाज तुम्हीच करावा.

तुम्ही नकाशा पाहून वादळांची जी धास्ती घेतली आहे ती मात्र अस्थानी होय. अटलांटिकात उठणारी मोठी चक्रीवादळे बहुधा या बेटाच्या उत्तरेकडून वाट काढतात, त्यांचा हंगामही जून ते नोव्हेंबरचा, आणि हे बेट तर कॅरिबियन बेटांच्या माळेच्या अगदी दक्षिण टोकास, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याला खेटून पडलेले. सांप्रत आमच्या जीवितास जे काही भय आहे ते वादळाचे नसून घरमालकीणबाईंचे आहे.

बाई सेवानिवृत्त शिक्षिका आहेत. आपल्या सेवेतील शेवटच्या दिवसानंतर वर्ग भरविण्यास जागा उरली नाही म्हणून त्यांनी अतिथिगृह काढले असावे, असा सौ.चा तर्क असून तो मला सयुक्तिक वाटतो. घर जुन्या धाटणीचे, लाकडी, बुटक्या खांबांवर उचललेले. पुढे गॅलरी, वळचणीला कातरकाम केलेल्या लाकडाची पांढरी झालर, खिडक्यांना आडव्या फळ्यांच्या झडपा. खोल्यांतील सामान माफक, चादरी स्वच्छ, पंखा एकाच गतीने फिरणारा. आमच्या खोलीच्या दारामागे नियमांचा एक तक्ता टांगलेला असून त्यातील वळणदार अक्षर पाहता क्षणीच चिरंजीव आपण होऊन ताठ उभे राहिले. फाटक रात्री दहास बंद होईल. नहाणीत पाणी अकारण वाहू देऊ नये. ओले कपडे गॅलरीवर वाळत घालून घराची अप्रतिष्ठा करू नये. भोजनाच्या टेबलावर मोबाइल आणू नये. आणि सर्वांत वरचे कलम असे की, कोणत्याही खोलीत प्रवेश करताना उपस्थितांस प्रथम अभिवादन करावे.

या वरच्या कलमाचे महत्त्व आम्हांस घराबाहेर पडल्यावर कळले, कारण ते बाईंचे खासगी फर्मान नसून अवघ्या बेटाचा शिरस्ता आहे. दुकानात शिरून ‘हा साबण केवढ्यास?’ असे एकदम विचारणाऱ्या माणसाकडे येथील दुकानदार शांतपणे पाहतो, आणि त्याने ‘गुड मॉर्निंग’ म्हणेपर्यंत साबणास किंमतच नसते. भाड्याच्या सामाईक मोटारीत चार अनोळखी प्रवासी आधीच बसलेले असले तरी आत पाऊल ठेवणाऱ्याने चौघांसही अभिवादन करावयाचे, आणि चौघांनीही ते परत करावयाचे. लक्ष्मी रोडवर आयुष्यभर खरेदी करून तरबेज झालेली सौ. पहिल्या दिवशी रिकाम्या हाताने परतली; आता ती इतकी तयार झाली आहे की, काल रस्त्यावरच्या एका कुत्र्यासही तिने नमस्कार घातला.

आमची वस्ती वुडब्रुक या भागात आहे. एके काळी हा उसाचा मळा होता. पुढे तो सीगर्ट नावाच्या कुटुंबाने घेतला, आणि त्या कुटुंबातील मुलाबाळांची नावे येथील गल्ल्यांना पडली, ती आजही आहेत. या घराण्याची हकीकत तुम्हांस रुचेल. मूळ पुरुष योहान सीगर्ट हा जर्मन वैद्य बोलिव्हारच्या सैन्यात शस्त्रवैद्य होता. त्याने १८२४ साली व्हेनेझुएलातील अंगोस्तुरा गावी सैनिकांच्या पोटाच्या विकारांवर एक कडू अर्क सिद्ध केला. १८७० नंतरच्या दशकात त्याचे पुत्र तो धंदा घेऊन या शहरात आले, आणि जगभरातील मद्यालयांत थेंबाथेंबाने वापरला जाणारा तो अर्क तेव्हापासून येथेच तयार होतो. त्याच्या बाटलीवरचा कागद बाटलीपेक्षा मोठा आहे. थोरल्या भावाचा कोट धाकट्याच्या अंगात घालावा तसा तो मानेपर्यंत येतो, आणि चुकून तसा झाला असे म्हणतात तरी तो बदलावा असे कोणासही आजवर वाटले नाही. (मला तुमचा कोट पाच वर्षे घालावा लागला, त्याचे येथे कोणी चित्रही काढले नाही.) बाई हा अर्क सरबतात, भाजीत आणि पाहुण्यांच्या अपचनावर सारख्याच श्रद्धेने योजतात. सौ.ने तो चाखून काडेचिराइताची आठवण काढली व पोट एका तासात ताळ्यावर आल्याचेही मान्य केले.

भोजनाचे प्रकरण मात्र सविस्तर लिहिण्यासारखे आहे. पहिल्या रविवारी बाईंनी ‘कॅललू’ नामक एक दाट हिरवा पदार्थ वाढला. तो आफ्रिकेतून आलेल्या आपल्या पूर्वजांचा ठेवा असून परक्या माणसाच्या जिभेस तो लागलीच पटत नाही, तरी संकोच करू नये, असे त्यांनी प्रास्ताविक केले. सौ.ने पहिला घास घेतला, चमचा खाली ठेवला, आणि डोळ्यांस पदर लावला. बाई घाबरल्या, मीही घाबरलो. दादा, ते अळू होते! पाने तीच, तीच गुळगुळीत शिजण, तोच घशाला जाणारा पुसटसा चटका. त्यात भेंडी, लाल भोपळा आणि नारळाचे दूध होते, आणि आतून मध्येच एका खेकड्याने हात वर केला, एवढाच काय तो आपल्या लग्नाच्या पंगतीतील अळूशी त्याचा मतभेद. त्यानंतर मालकीहक्काचा जो वाद सुरू झाला तो अद्याप निकाली निघालेला नाही. चिंच, गूळ, हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे यांवाचून या पदार्थास पूर्णता नाही, ही सौ.ची बाजू, खेकड्यावाचून ही नुसती गुरांची वैरण, ही बाईंची. अखेर तह असा झाला की, दर गुरुवारी सौ.ने स्वयंपाकघर वापरावे, भांडी ज्या जागेवरून उचलली त्याच जागी ठेवावीत, आणि जे शिजेल त्याचा निम्मा हिस्सा सरकारजमा करावा. गेल्या गुरुवारी अळूवड्या झाल्या. बाईंनी त्यांवर येथील लालभडक मिरचीचे आंबट द्रव्य ओतून आठ खाल्ल्या आणि ‘सुधारणेस वाव आहे’ असा अभिप्राय दिला. उत्तरपत्रिकेवरचा तो शेरा वाचून सौ. दोन दिवस मजशी बोलली नाही, जणू वड्या मीच तपासल्या होत्या.

सकाळी कोपऱ्यावर ‘डबल्स’ मिळतात: हळदीच्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्यांत रस्सेदार छोले, हे उभ्यानेच, कोपर वर धरून खावयाचे. चिरंजीवांची सकाळची हजेरी तेथे चुकत नाही.

या घरात आमच्याखेरीज कायम म्हणावे असे आणखी एकच बिऱ्हाड आहे, ते म्हणजे दक्षिणेकडील पीनल गावची एक वृद्धा. परदेशी नातवंडांकडे जाण्यासाठी कोण्या वकिलातीत तिचा अर्ज पडून आहे, आणि तो निघेपर्यंत ती गॅलरीतील उजवीकडची खुर्ची अडवून बसते. सगळे घर तिला आजी म्हणते. तिचे पूर्वज बस्ती जिल्ह्यातून कलकत्त्यास आणि तेथून गिरमिटावर, म्हणजे कराराच्या मजुरीवर, येथील उसाच्या मळ्यांत आले. ३० मे १८४५ रोजी फतेल रझाक हे पहिले जहाज येथे लागले आणि १९१७ साली ती पद्धत बंद होईपर्यंत एक लाख चाळीस हजारांहून अधिक माणसे अशी आली. बहुतेक अवध-भोजपूरकडची, थोडी मद्रासकडची. सातारा-सांगलीचा माणूस त्यांत शोधूनही सापडणे कठीण. त्यामुळे आम्ही ‘खास हिंदुस्थानातून’ आलो आहोत हे कळताच आजीने पहिल्याच सायंकाळी आमची जबानी घेतली.

अंगणात झेंडी का लावली नाही? (येथे पूजा झाली की वेळूच्या काठीवर रंगीत निशाण उभारण्याचा प्रघात आहे, आणि कोणत्या घरात किती पूजा झाल्या हे रस्त्यावरून मोजता येते.) घरात रामायण कोण वाचते? तुलसीदासांच्या किती चौपाया मुखोद्गत आहेत? शिवरात्रीस जागता की झोपता? मी ज्ञानेश्वर-तुकारामांची नावे पुढे केली; दप्तरी नोंद नाही म्हणून ती फेटाळण्यात आली. सौ.ने रामरक्षा म्हणून दाखविली. ती शांतपणे ऐकून घेऊन आजीने ढोलक-झांजेवाचून म्हटलेल्या स्तोत्राचा देवास कंटाळा येत नाही काय, असे विचारले. चिरंजीवांनी अब्रू राखण्यासाठी हिंदी चित्रपटातील एक गाणे धरले, तर आजीने त्याची दोन कडवी अधिक म्हटली. सरतेशेवटी तिने दीर्घ श्वास सोडला आणि बाईंकडे वळून निकाल दिला की, माणसे इंडियात राहून राहून बिघडतात. तेव्हापासून आमच्या सुधारणेचा कार्यक्रम तिने हाती घेतला असून शिवरात्रीच्या पूजेस आम्हां तिघांची हजेरी सक्तीची आहे. चिरंजीवांस ढोलक शिकविण्यास तिचा नातू येतो.

ढोलक बरा म्हणावा, अशी परिस्थिती रात्रीची आहे. कार्निव्हल तोंडावर आला असून त्यापूर्वीच्या शनिवारी स्टीलपॅनच्या वाद्यवृंदांची अंतिम स्पर्धा असते, आणि अशा एका वृंदाचे तालमीचे अंगण आमच्या मागच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर आहे. हे वाद्य याच शहराचे अपत्य. मळेवाल्यांच्या राज्यात चामड्याच्या ढोलांवर निर्बंध आले, तेव्हा लोकांनी बांबू आपटले; बांबू फुटू लागले, तेव्हा बिस्किटांचे डबे बडविले; आणि १९४६ च्या सुमारास याच वुडब्रुकमधील एली मॅनेट या तरुणाने तेलाच्या ५५ गॅलनी पिंपाचा तळ घणाने आत खोलगट ठोकून त्यातून स्वर काढले. शे-सव्वाशे वादक एकच रचना रात्रीमागून रात्री घोटतात. तिसऱ्या वळणावर कोणी तरी चुकतो, आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून. आम्ही प्रथम कापसाचे बोळे आणले. नंतर सौ. पोळ्या लाटताना तीच रचना गुणगुणू लागली, आणि आता तर त्या तिसऱ्या वळणाशी आम्ही तिघेही अंथरुणात श्वास रोखून पडतो. दहा वाजता फाटकास कुलूप लावण्याचा नियम मात्र अढळ आहे, जरी बाई स्वतः या हंगामात ते बाहेरून लावून, खुर्ची काखोटीस मारून, एक वाजेपर्यंत तालमीच्या अंगणात असतात. नियम पाहुण्यांसाठी आहे, असे त्यांनी विचारण्यापूर्वीच सांगितले.

आजीच्या न्यायासनापुढे आमची जी नाचक्की झाली तिची भरपाई शेजारच्या गृहस्थांकडून झाली, तीही आमच्या कर्तृत्वाने नव्हे. हे गृहस्थ बंदरावर मालाची मोजदाद करणारे कारकून होते. दुपारी घरी नसतात, गॅलरीत असतात. क्वीन्स पार्क ओव्हल हे मैदान येथून चालत जाण्याइतके जवळ. मी मुंबईकडचा, एवढे ऐकताच ते उभे राहिले, टोपी काढली, आणि गावस्करांची प्रकृती कशी आहे, अशी पृच्छा केली. १९७१ साली वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरविले ते याच मैदानावर; सरदेसायांचे शतक त्यांनी पाहिले, आणि मालिकेच्या अखेरच्या सामन्यात, दाढ ठणकत असताना, गावस्करांनी पहिल्या डावात १२४ व दुसऱ्यात २२० केले तेही त्यांनी पाहिले. चार कसोट्यांत ७७४! लॉर्ड रिलेटर या गायकाने गावस्करांवर रचलेले कॅलिप्सो गीत हे गृहस्थ अथपासून इतिपर्यंत म्हणतात, आपल्याच गोलंदाजांची त्यात झालेली फजिती विशेष आवडीने. तुम्ही दाढ दुखते या सबबीवर गेल्या वर्षी घरपट्टी भरण्यास गेला नाहीत, हे मी त्यांस सांगितले नाही. सांगितले असते तर मराठी दाढांविषयी त्यांच्या मनात जो आदर वसत आहे त्यास तडा गेला असता.

आता मुख्य कामाचे. गावस्करांनी पदार्पणाच्या सामन्यात पहिल्या डावात ६५ केले आणि दुसऱ्यात नाबाद ६७, असे हे गृहस्थ म्हणतात. आधी ६७ आणि मग ६५, असे बाई म्हणतात, कारण वडिलांच्या शेजारी बसून तो सामना पाहिलेल्या त्या शाळकरी मुलीची स्मरणशक्ती अद्याप कोणी नापास केलेली नाही. पैज लागली आहे. गृहस्थ हरले तर त्यांनी बाईंचे फाटक रंगवावयाचे. बाई हरल्या तर कार्निव्हल संपेपर्यंत ते फाटक रात्री उघडे राहावयाचे. मी गृहस्थांच्या बाजूने साक्ष दिली, परंतु फाटकात माझा हितसंबंध गुंतलेला असल्यामुळे ती अग्राह्य ठरली, आणि मोबाइलवरील पुरावा टेबलावर आणता येत नाही. तरी माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत त्या सालच्या कात्रणांची जी तुमची वही आहे तिच्यातील संबंधित पानाची नक्कल, तुमच्या सहीनिशी व जमल्यास एखाद्या सरकारी शिक्क्यासह, टपालाने त्वरेने रवाना करावी. कार्निव्हल तोवर उरकलेला असेल. पण बाई म्हणतात, पुढच्या वर्षीही तो येतोच, आणि तुमचा रंग काही इतक्यात वाळत नाही.

वहिनींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. शिक्का मोठा असावा. बाई लहान शिक्क्यांस मानीत नाहीत.