अव्वल मानांकित अर्जदार

परदेशात शिरायला किती कागद लागतात, याचं उत्तर सामान्य माणसाला तोंडपाठ असतं: आपण नेले असतील त्याहून एक जास्त. वीस ग्रँड स्लॅम नावावर असलेल्या टेनिसपटू नोव्हाक जोकोविचला हे ज्ञान ५ जानेवारी २०२२ च्या रात्री मेलबर्न विमानतळावर झालं.

आदल्या दिवशी त्यानं सामानासकट फोटो टाकून जगाला कळवलं होतं, खास सवलत मिळाली आहे, निघालो! सवलत मिळाली तर ती गुपचूप पदरात पाडून घ्यायची असते, तिची वरात काढायची नसते, हे आपल्याकडे बदली थांबवून आणलेला शिपाईही सांगेल. त्यातून फोटो बघणारे कोण, तर २६२ दिवस टाळेबंदीत काढलेले मेलबर्नकर. कित्येकांना जवळच्या माणसाच्या अंत्यविधीलाही जाता आलं नव्हतं. या पाहुण्याला मात्र लशीवाचून ऑस्ट्रेलियन ओपन खेळायला रेड कार्पेट!

सवलतीचा कागद खरा होता. टेनिस ऑस्ट्रेलियानं तो दिला होता, व्हिक्टोरिया राज्यानं त्यावर मान डोलावली होती. फक्त विमानतळाच्या दाराची किल्ली या दोघांकडे नव्हती, ती केंद्राच्या सीमा दलाकडे होती. सवलतीचं कारण काय, तर १६ डिसेंबरला कोरोना झाला. आता सवलतीच्या अर्जाची मुदत होती १० डिसेंबर. म्हणजे आधी मुदत संपली, मग आजार झाला, मग अर्ज मंजूर झाला. इतका कार्यक्षम कारभार आपल्याकडे फक्त जमिनीच्या प्रकरणांत दिसतो.

बरं, आजारी माणूस घरी पडून राहिला म्हणावं, तर तेही नाही. १७ तारखेला तो बेलग्रेडमध्ये मुलांच्या बक्षीस समारंभात होता. अहवाल त्यानंतर हाती आला, असं त्याचं म्हणणं. १८ तारखेला अहवाल हातात असताना त्यानं फ्रेंच वृत्तपत्राला मुलाखत दिली, फोटोही काढू दिले. पत्रकाराला नाराज करणं बरं दिसत नाही ना! ऑस्ट्रेलियाच्या फॉर्मवर ‘गेल्या १४ दिवसांत कुठे प्रवास केला का?’ या प्रश्नापुढे ‘नाही’वर खूण होती. साहेब सर्बियातून स्पेनला जाऊन आले होते. खुलासा आला: फॉर्म एजंटानं भरला, त्याची चूक. इथं मात्र मराठी वाचकाला जोकोविच एकदम आपला माणूस वाटला असणार.

त्याचा विज्ञानावर विश्वास नाही, असं कोणी म्हणू नये. चांगल्या विचारांनी दूषित पाणी शुद्ध होतं, असं तो २०२० साली सांगत होता. त्याच उन्हाळ्यात त्यानं बाल्कन देशांत प्रदर्शनीय सामने भरवले, रात्री क्लबात नाच झाला आणि पाठोपाठ खेळाडूंसह स्वतः यजमानही पॉझिटिव्ह निघाले. विचार बहुधा त्या आठवड्यात कमी पडले. शिवाय कोविडवर औषध शोधणाऱ्या डेन्मार्कच्या एका कंपनीत त्याचे आणि पत्नीचे मिळून ८० टक्के भाग होते. म्हणजे औषध चालतं, फक्त घरचं हवं.

तिकडे बेलग्रेडमध्ये वडिलांनी लेकाला स्पार्टाकस ठरवलं. स्पार्टाकसकडे निदान एजंट नव्हता. कुटुंबानं पत्रकार परिषद घेतली, आणि १७ डिसेंबरला तो कुठे होता, असं कुणीतरी विचारताच भावानं ती आटोपती घेतली.

इकडे विमानतळावरच जोकोविचचा व्हिसा रद्द झाला, तेव्हा ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी गर्जना केली होती, नियम म्हणजे नियम! निवडणूक चार-पाच महिन्यांवर होती, तेव्हा आवाज खणखणीत होता. मग प्रकरण कोर्टात गेलं आणि नियम कसे पाळले ते बाहेर आलं. अधिकाऱ्यांनी त्याला वकिलाशी बोलायला सकाळी साडेआठपर्यंत वेळ दिला होता आणि व्हिसा रद्द केला ७ वाजून ४२ मिनिटांनी. १० जानेवारीला न्यायाधीशांनी सरकारचा आदेश केराच्या टोपलीत टाकला.

चार दिवसांनी इमिग्रेशनमंत्री अॅलेक्स हॉक यांनी स्वतःचा खास अधिकार वापरून व्हिसा पुन्हा रद्द केला. त्यांचं कारण मुळातून वाचावं असं आहे. या माणसापासून संसर्गाचा धोका नगण्य, हे त्यांनी मान्य केलं. पण त्याला पाहून लसविरोधकांना चेव येईल, सबब लोकहितार्थ हाकला. म्हणजे गुन्हा त्यानं केला म्हणून नव्हे, त्याला बघून दुसरे करतील म्हणून. १६ जानेवारीला तीन न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं, मंत्र्याचा निर्णय शहाणपणाचा आहे की नाही हे आम्ही बघत नाही, कायद्यात बसतो की नाही एवढंच बघतो. बसला. त्याच रात्री जोकोविच दुबईच्या विमानात बसला.

सर्वांना सारख्या असलेल्या या नियमाला रेनाटा वोराचोवा ही चेक दुहेरी खेळाडूही सापडली. तशीच सवलत घेऊन ती आधीच देशात आली होती, एक सामनाही खेळली होती. तोवर नियमाचा डोळा लागला होता. जोकोविचच्या गोंगाटानं तो जागा झाला आणि तिलाही उचलून, जोकोविचला ठेवलं होतं त्याच हॉटेलात नेलं.

त्या पार्क हॉटेलात आश्रय मागणारे निर्वासित कोंडलेले होते, काही जण नऊ वर्षं वेगवेगळ्या कोठड्यांत काढून तिथं पोचलेले. जेवणात अळ्या निघाल्याची त्यांची तक्रार डिसेंबरातलीच. पंधराव्या वर्षी आलेल्या एका इराणी मुलाची त्याच आठवड्यात चोवीस वर्षं पूर्ण झाली. त्याला जगभरच्या पत्रकारांचे फोन आले, ते जोकोविचची चौकशी करायला.

भारताशीही या ‘नियम म्हणजे नियम’ची ओळख आहे. मे २०२१ मध्ये भारतातून परतणाऱ्या स्वतःच्याच नागरिकांना याच सरकारनं पाच वर्षांपर्यंत तुरुंग आणि ६६,६०० डॉलर दंडाची तंबी दिली होती. इथं सुमारे ९,००० ऑस्ट्रेलियन अडकले होते, त्यांतले बरेच भारतीय वंशाचे. आयपीएलचे क्रिकेटपटू मालदीवच्या किनाऱ्यावर बसून बंदी उठायची वाट बघत होते. बाकीच्यांनी ती ऑक्सिजनच्या रांगा बघत बघितली. त्यांच्यासाठी बेलग्रेडमध्ये पत्रकार परिषद झाली नाही.

पुढचं थोडक्यात. एप्रिलमध्ये निवडणूक जाहीर व्हायच्या तोंडावर पार्क हॉटेलातले उरलेले निर्वासित सोडले गेले. नऊ वर्षं न सापडलेलं लोकहित मतपेटी दिसताच सापडलं. मे महिन्यात मॉरिसन हरले. व्हिसा रद्द झाल्यामुळे जोकोविचवर आलेली तीन वर्षांची बंदी नव्या सरकारनं नोव्हेंबरात उठवली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्यानं दहाव्यांदा ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. त्याला बघून कोणाला किती चेव आला, हे मोजायला कोणी मंत्री थांबला नाही.

मंत्र्याचा तो खास अधिकार मात्र कायद्यात आहे तिथंच आहे. तो चालवायला अर्जदार अव्वल मानांकित असावा लागत नाही. नसला तर उलट सोयीचंच, कॅमेरे येत नाहीत आणि साडेआठपर्यंतची मुदतही द्यावी लागत नाही.