परक्लोरोचं ड्रायक्लीनिंग : नवउद्योजकांसाठी पहिले धडे

संत नामदेवांचं जन्मगाव नरसी, त्यांचं घराणं शिंप्याचं. नरसीत कपड्याचा धंदा चालणार नाही, तर कुठे चालेल? लग्नसराई तोंडावर आहे, दुकान काढाच.

१. परक्लोरोइथिलीनचा ड्रम आणा. मायकेल फॅरडेने हे रसायन १८२१ मध्ये बनवलं, म्हणजे माल खानदानी. हे गिऱ्हाइकाला जरूर सांगा. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था त्याला ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ म्हणते, ते सांगत बसू नका. लग्नघरी अशुभ कशाला बोलायचं?

२. ‘आमचा माल पेटत नाही’ अशी पाटी लावा. पेट्रोलने डाग काढणाऱ्या शेजाऱ्याला खुशाल हसा. फक्त कोळशाच्या इस्त्रीतले निखारे लांब ठेवा. परक्लोरोची वाफ विस्तवावर गेली की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. पहिल्या महायुद्धात तो खंदकांत सोडत.

३. धूळ नको म्हणून शटर अर्धं ओढा. वाफ हवेच्या पाचपटीहून जड, जमिनीलगत साचते. बटणं काढणाऱ्या पोराला तिथेच बसवा. त्याचं डोकं दुखेल, गरगरेल, पेंग येईल. ‘ऊन लागलं रे बाळा’ म्हणून पाठीवरून हात फिरवा. यकृत, मूत्रपिंडं बिघडायला वर्षं लागतात. तोवर पोरगं दुसरीकडे कामाला लागलेलं असेल. वास गोडसर असतो आणि नाक लवकर सरावतं. वास येईनासा झाला की हवा शुद्ध झाली, असं धरून चाला.

४. उरलेला गाळ परसात ओता. हा धडा नीट गिरवा, कारण इथे निसर्गच तुमच्या मदतीला येतो. परक्लोरो पाण्याच्या दीडपटीहून जड. तेलासारखं तरंगून चुगली करत नाही, मुकाट तळ गाठतं. आपला मराठवाड्याचा काळा पाषाण भेगाळलेला; त्या भेगांतून ते खाली उतरत जातं, थेट बोअरच्या पाण्यापर्यंत. तिथे ते अनेक दशकं राहतं. इतका मुक्काम पाहुणेही करत नाहीत. पाणी दिसायला स्वच्छच, त्यामुळे तक्रार घेऊन कोण येणार? आणि आलंच, तर कयाधू नदीकडे बोट दाखवा.

५. अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये नियम काढला : ड्रायक्लीनिंगमधून परक्लोरो दहा वर्षांत हद्दपार. घाबरू नका. तिकडची यंत्रं मोडीत निघतील, भाव पाडून मागा.

६. शेरवानी प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून द्या, वाफ नवरदेवाच्या घरी पोचेल. त्याने पिशवी अंगणातच काढून शेरवानी वाऱ्यावर टाकली, तर समजा गिऱ्हाईक शिकलेलं आहे.

गावातली बाकीची धोतरं-लुगडी तुमच्याकडे येणार नाहीत. सुती कपड्याला साबण-पाणी पुरतं.