लाखी गोठ

2025 साली सोन्याने तोळ्याला लाखाचा उंबरठा ओलांडला आणि आमच्या घरात वर्तमानपत्र वाचण्याचा क्रम बदलला. आधी सोन्या-चांदीच्या भावाची चौकट, मग निधनवार्ता. दोन्हींचा संबंध आहे, हे धाकट्या काकांनी आजीच्या गोठांचा विषय काढला तेव्हा कळलं.

आजीला जाऊन अकरा वर्षं झाली. गोठ लॉकरात. 'पाच तोळ्यांचे' हे घरातलं वेदवाक्य. आजी स्वतः मात्र वजन कधी सांगत नसे. ती नुसतं 'माझे लाखी गोठ' म्हणायची. ज्या काळात हजारांत वाडा मिळायचा, त्या काळात गोठांची जोडी लाखाची कशी, हा प्रश्न आमच्या शिकलेल्या घरात कुणालाही पडला नाही. "आईला पुढचं दिसायचं," एवढं बोलून आत्याने डोळे पुसले आणि वाटे किती ते विचारलं.

वाटे चार. वडील, दोन काका, आत्या. वडिलांनी कागद घेतला. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा, बाजारातला हल्लीचा तोळा 10 चा. म्हणजे पाचाचे बसल्या जागी पावणेसहाच्या वर गेले. त्या दिवशी आमच्याकडे शिरा झाला.

पेढीवर वडील आणि मी गेलो. वडिलांनी पिशवीत गोठांबरोबर एक झेरॉक्सही घेतली होती. प्राप्तिकर खात्याची धाड पडली तर घरातले किती दागिने जप्त करू नयेत, याची 11 मे 1994 ची सूचना. क्रमांक 1916. शेवटचे तीन आकडे बावीस कॅरेटचे, हा योगायोग सरकारी नसावा. तिच्यात विवाहित स्त्रीला 500 ग्रॅम, अविवाहित स्त्रीला 250 आणि पुरुषाला 100 ग्रॅम अशी मुभा आहे. माणसांचं इतकं स्वच्छ मूल्यमापन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. लग्न झालं की बाई दुप्पट होते. पुरुष मात्र बोहल्यावर चढो की न चढो, गुंजभरही वाढत नाही.

शेठजींनी गोठ काट्यावर ठेवले. 57.8 ग्रॅम. वडिलांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू आजोबा निर्दोष सुटले.

"लाखी आहेत का?" शेठजींनी विचारलं.

"हो हो," वडील हसले, "लाखाचेच!"

शेठजी हसले नाहीत. गोठ त्यांनी मायक्रोवेव्हएवढ्या यंत्रात ठेवले. पूर्वी कसोटीच्या काळ्या दगडावर रेघ ओढून त्यावर तेजाब टाकायचे. तो दगड आता गल्ल्यामागे हळद-कुंकू लावून बसवला आहे. यंत्र म्हणालं, 87.5. म्हणजे एकवीस कॅरेट. "पण हे वरवरचं वाचतं," शेठजी म्हणाले. "पोटात काय आहे ते गाळल्यावर कळेल." माणसांचे इंटरव्ह्यू घेणाऱ्यांनी हे वाक्य लिहून ठेवावं.

गाळणारा मागच्या बोळात. खानापूर-आटपाडीकडचा. तिकडची माणसं दुष्काळाच्या तडाख्याने घरं सोडून देशभर पांगली आणि गलाईच्या भट्ट्या लावून बसली. इकडे कोण किती फसलं, याचा खरा हिशेब त्यांच्याजवळ असणार. पण तोंडं मिटलेली. त्याने गोठ कातरला, चिमट्यात धरून आचेवर नेला, आणि आजीच्या हातातलं ते भरदार सोनं एका जागी फुगलं, वाकलं आणि त्यातून काळपट-तांबूस काहीतरी टपटप गळू लागलं. वास आला तो थेट टपालाच्या पार्सलावरच्या सीलचा.

"हे काय?" वडील.

"लाख. लाखी म्हणालात ना तुम्ही?"

वर सोन्याचा पातळ पत्रा, आत लाख. थोड्या सोन्यात गोठ जाड दिसतो, हातावर भरतो आणि घासताना-धुताना चेपत नाही. यात लबाडी काही नाही. आजीला ते ठाऊक होतं, आजोबांनी घडणावळ त्याच हिशेबाने दिली असणार, आणि ती बिचारी हयातभर आम्हाला ते नाव घेऊनच सांगत होती.

लाख निघून लगड उरली ती 36.4 ग्रॅमची. पत्र्याचे सांधे जोडलेला डाखही तिच्यात विरघळलेला, म्हणून कस उतरून 83.3 वर आला. वीस कॅरेट. म्हणजे शुद्ध सोनं 30.3 ग्रॅम. त्यावर पेढीची दोन टक्के घट. उरले 29.7. घटकेत तोळा घटकेत मासा हे मी प्रकृतीबद्दल ऐकलं होतं. इस्टेटीबद्दल पहिल्यांदाच पाहिलं.

"अहो, पण ती नक्षी?" वडिलांनी क्षीण आवाजात विचारलं. "तोंडाशी वेल होता बघा, बारीक..."

"मोडीत नक्षी धरत नाहीत, काका."

मग शेठजींनी मखमलीवर एक हार मांडला. त्यात घेतलं तर घट माफ. हाराची मजुरी 14 टक्के. का, तर नक्षी. "हातकाम आहे," ते म्हणाले. वर तीन टक्के जीएसटी. हॉलमार्क आहे, सहा अक्षरी क्रमांक आहे, भिंगातून दाखवलाही. आमच्या गोठांवर क्रमांक नव्हता, नुसता मनगटावर घासून आलेला गुळगुळीतपणा होता, आणि तो एव्हाना मुशीत गेला होता.

पेढीतून निघताना एक पोरगा कारागिरांच्या बैठकीखालची धूळ कुंच्याने गोळा करून डब्यात भरत होता. ती फेकत नाहीत. ती झारेकऱ्याला विकतात. तो धुऊन तिच्यातलं सोनं काढतो. केरालाही भाव आहे तिथे. वडील जरा वेळ त्या डब्याकडे बघत उभे राहिले.

तेवढ्यात शेठजींनी कागदाची पुडी आणून दिली. "तुमची लाख. आमच्याकडे काही ठेवून घेत नाही आम्ही." पेढीची सचोटी वादातीत होती.

रिक्षात बसतो न बसतो तो आत्याचा फोन. तिचा डावा कान गेलेला आणि ती नेमका तोच लावते.

"काय रे, मोडले का आईचे गोठ? काय निघालं?"

"लाख, आत्या."

पलीकडे क्षणभर शांतता. मग आत्याने अगदी हळू, घरात कुणी ऐकू नये अशा आवाजात विचारलं,

"प्रत्येकी ना?"