सोकोव्हियाचा पंचनामा

सुपरहिरोच्या चित्रपटांतल्या राजकारणाची गंभीर समीक्षा व्हायला हवी, आणि गोंदिया जिल्ह्यात ती करायला माझ्याइतका अधिकारी माणूस दुसरा नाही, असं माझं ठाम मत होतं. त्याला दुजोरा कोणी दिला नव्हता, पण विरोधही कोणी केला नव्हता. त्यामुळे अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावाच्या मंडळाचा व्याख्यानासाठी फोन आला, तेव्हा समोरच्याने विषय काढायच्या आत मीच तो जाहीर करून टाकला. "चालते ना जी, काहीही चालते," पलीकडून उत्तर आलं. यातला 'काहीही' मी ऐकलाच नाही.

रात्र मंडईची होती. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. लेकीजावई येतात, सोयरिकी जुळतात आणि रात्री वडशाच्या एखाद्या कंपनीचं नाटक होतं, ते उजाडेपर्यंत चालतं. पोहोचल्यावर पाहिलं तर पत्रकावर नाटकाचं नाव माझ्या उंचीचं आणि माझं नाव कुठेच नाही. अध्यक्षांनी मोकळेपणाने खुलासा केला. "कंपनीची गाडी अजून आली नाही सर. तवर पब्लिक उठून नाही गेलं पाह्यजे."

म्हणजे मी गाडी येईपर्यंतचा माणूस होतो.

तरी मी सुरुवात जोरात केली. २०१९ मध्ये दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसी यांनी मार्व्हलचे चित्रपट म्हणजे सिनेमा नव्हे, ते थीम पार्कच्या जवळचे आहेत, असं म्हटलं होतं, आणि याचा प्रतिवाद मी आज इथे करणार आहे, असं मी म्हणालो. नेमका त्याच वेळी बाहेरचा आकाशपाळणा सुरू झाला. पुढच्या ताडपत्रीवरची सगळी पोरं उठून तिकडे गेली. स्कोर्सेसींना इतका तत्पर पाठिंबा अमेरिकेतही मिळाला नसावा. मी घसा साफ करतो तोच माईकवाल्याने माझ्या हातातला माईक घेऊन पुकारा केला की एमएच-३५ची एक मोटारसायकल भजेवाल्याच्या पुढ्यात आडवी लागली आहे, ज्याची असेल त्याने हलवावी. ती माझी होती. व्याख्यात्याने व्याख्यान सोडून गाडी काढली, याच्या टाळ्या मात्र पडल्या.

परत आल्यावर मी थेट 'सिव्हिल वॉर'ला हात घातला. २०१५च्या चित्रपटात अल्ट्रॉन नावाचं यंत्र सोकोव्हिया देशातलं शहर जमिनीसकट आकाशात उचलतं. यंत्र बनवणारे आपले हिरोच. पुढे २०१६च्या 'सिव्हिल वॉर'मध्ये ११७ देश मिळून करार करतात, की यापुढे या वीरांनी संयुक्त राष्ट्रांना विचारून लढावं. आयर्न मॅन म्हणतो सही करू, कॅप्टन अमेरिका म्हणतो नाही करणार. मग मी 'सार्वभौम सत्तेचं अपवादात्मक स्वरूप' असं काहीतरी बोललो, ज्याचा अर्थ मलाही घरी गेल्यावर पाहावा लागणार होता.

शेकोटीजवळून एक म्हातारबाबा म्हणाले, "गाव उचललं म्हनता. मंग धान?"

"कुठलं धान, बावाजी?"

"त्याच गावचं. कापनीच्या आंधी उचललं का मागून?"

मी म्हटलं, ते शहर होतं. "शहराच्या काठाने बांध्या असतेच," बाबा म्हणाले, आणि सगळ्या ताडपत्रीने मान डोलावली. २०२२ मध्ये या तालुक्यात रानटी हत्तींचा कळप शिरला होता. आभाळातून येऊन सगळं तुडवून जाणाऱ्यांबद्दल इथे मला काही समजावून सांगायची गरज नव्हती. "पंचनामा कोनं केला?" दुसऱ्याने विचारलं.

आता मला अवसान चढलं. 'स्पायडरमॅन: होमकमिंग'मध्ये हाच प्रश्न आहे, मी ओरडलो. हिरोंच्या लढाईनंतर न्यूयॉर्कचा मलबा उचलायचं काम टूम्स नावाच्या एका छोट्या कंत्राटदाराला मिळालेलं असतं. त्याने गाड्या घेऊन ठेवलेल्या असतात. सरकार आणि आयर्न मॅनची कंपनी मिळून नवं खातं काढतात आणि त्याला हाकलतात. मग तो गिधाडाचे पंख लावून लूटमार करतो.

"वर्क ऑर्डर होती का?" मागून एकाने विचारलं. त्याच्या आवाजावरूनच त्याचा धंदा कळत होता.

"काम मिळालेलं होतं."

"बिल अडकलं का मानूस तसाच होते जी." खलनायकाची इतकी नेमकी समीक्षा मी इंग्रजी नियतकालिकांतही वाचली नव्हती.

'ब्लॅक पँथर'ला पोचलो तेव्हा एक कॉलेजची मुलगी उभी राहिली. वाकांडाच्या राजाने व्हायब्रेनियम धातूवाला देश जगाला खुला करायचं परस्पर ठरवलं, तर ग्रामसभेचा ठराव घेतला होता का? गावात २००६च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक दाव्याची फाइल चालू होती, तेंदूपत्त्यावरून वाद होता. आणि मग माझ्या हातून व्याख्यान सुटलं. हत्तींनी केलेल्या नुकसानीचे पैसे किती जणांना मिळाले, पंचनाम्यात एका बांधीची अर्धी बांधी कशी झाली, असे प्रश्न पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांकडे जाऊ लागले. त्या खुर्च्यांवर पाहुणे म्हणून बोलावलेली मंडळी होती. त्यांना अचानक थंडी वाजू लागली.

अध्यक्षांनी माईक घेतला. "प्रश्न फक्त पिक्चरबद्दल विचारा!"

"पिक्चरचंच विचारून रायलो ना जी," बाबा म्हणाले.

माझी 'सिव्हिल वॉर'बद्दल खरी तक्रार हीच आहे. प्रश्न मोठा काढायचा, टेबलाभोवती बसून त्यावर दहा मिनिटं चांगलं बोलायचं, आणि उत्तर द्यायची वेळ आली की लाइपझिगच्या विमानतळावर बारा जणांची मारामारी लावून द्यायची. समीक्षकाने मान धरायची ती तिथे. हे मी सांगणारच होतो. पण अध्यक्षांनी डीजेवाल्याला खूण केली आणि कंपनीची गाडी यायच्या आत गावातल्याच दोन पोरांचा डान्स सुरू झाला. आकाशपाळण्याकडे गेलेली पोरं धावत परत आली. पहिल्या रांगेने सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवल्या.

गाडी आली तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. गडबडीत मला शाल मिळाली. श्रीफळ आधीच नाटकाच्या पूजेला फुटलं होतं. अध्यक्ष मला मोटारसायकलपर्यंत सोडायला आले. माणूस मनाने चांगला. म्हणाले, "बोललात चांगलं सर. पन पुढल्या वर्षी महाभारतावर बोला. त्याच्यात राजकारन नाही राहत."