थोरली पाती, धाकटी पाती

गायक परत येण्याआधी त्याचा टीझर येतो. पंधरा सेकंदांचा. काळोखातून एक पांढरी दाढी पुढे सरकते, माइकच्या दांडीवरून सुरकुतलेला हात फिरतो, तबल्यावर एकच थाप पडते आणि पडद्यावर अक्षरं उमटतात: ‘दंतकथा परतली’. दंतकथा त्या वेळी व्हरांड्यात बसून चहात बिस्कीट बुडवत असते. आपण कुठे गेलो होतो, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. रोज सकाळी तंबोरा जुळत होता, चार शिष्य येत होते, दिवाळी पहाटेला गावातली मंडळी न चुकता बोलावत होती. बंद झाले होते ते फक्त कंपनीचे फोन.

मग अल्बम येतो. गाणी आठ, जोडीदारही आठ. रिअ‍ॅलिटी शोची एक विजेती. त्याच शोचा उपविजेता, जो विजेतीपेक्षा जास्त चालतो. एक रॅपर, ज्याचं काम दुसऱ्या अंतऱ्यानंतर येऊन भलत्याच विषयावर रागावणं. कुकरच्या शिट्टीत सूर शोधून मोबाइलवर प्रसिद्ध झालेल्या एक ताई. आणि एक नट, कारण नट लागतोच. कव्हरवर म्हाताऱ्याचं नाव मोठ्या टायपात आणि ‘फीचरिंग’च्या खाली तरुणांची पलटण बारीक टायपात. पण घर कुणाच्या फॉलोअरांवर चाललंय, हे टायप लावणाऱ्यालाही ठाऊक असतं.

देवासच्या माणसाला यात नवल वाटत नाही. एका गावात थोरली पाती आणि धाकटी पाती कशा नांदतात, हे आमच्या आज्या-पणज्यांनी रोज पाहिलंय. तुकोजी आणि जिवाजी पवार या भावांनी माळव्यात बस्तान बसवलं आणि १९४८ साली संस्थानं मध्य भारतात विलीन होईपर्यंत एकाच गावाला दोन राजे राहिले. दोन गाद्या, दोन राजवाडे, दोन दरबार, दोन्हींकडचे मानकरी वेगळे आणि दोन्हींकडचे रुसवेही वेगळे. रस्त्याच्या अल्याड एकाचा अंमल, पल्याड दुसऱ्याचा. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांकडे खासगी चिटणीस म्हणून राहिला. हा सगळा पसारा पाहून त्याने पुढे पुस्तक लिहिलं, त्याचं नावच आमच्या देवीच्या टेकडीवरून. आजचे युगुलगीतांचे अल्बम निघतात ते नेमके या घडणीचे. नाव एकच, कारभार दोन, आणि मधल्या रस्त्यावर दोघांची गाठ पडू नये याची चोख व्यवस्था.

खोटं वाटत असेल तर कुठल्याही गाण्याच्या ‘मेकिंग’चा व्हिडिओ बघा. बुजुर्ग एका स्टुडिओत, कानांवर हेडफोन, समोर स्टँडवर ए-फोर कागदावर ठळक अक्षरांत शब्द. तरुण दुसऱ्या स्टुडिओत, बऱ्याचदा दुसऱ्या शहरात, हातातल्या मोबाइलवर तेच शब्द. दोघं एकदाच भेटतात ते शूटिंगच्या दिवशी. तरुण वाकून पाया पडतो. कॅमेरा जरा उशिरा सुरू झाला म्हणून पुन्हा पडतो. बुजुर्ग दोन्ही वेळा तितक्याच मायेने पाठीवर हात ठेवतात, कारण हाडाचे कलावंत आहेत, दुसरा टेकही पहिल्यासारखाच देतात. पुढे गाण्यात दोघं एकमेकांकडे बघून हसतात. ज्या ओळीवर हसतात ती एकाने मार्चात गायलेली असते आणि दुसऱ्याने जुलैत.

हा शोध आमचा नाही, हे मात्र मान्य करायला हवं. अमेरिकेत फ्रँक सिनात्राने १९९३ साली ‘ड्युएट्स’ काढला तेव्हा तो ७७ वर्षांचा होता. बोनो, अरेथा फ्रँकलिन, बार्बरा स्ट्रायसँड असे एकाहून एक जोडीदार, आणि त्यांतला एकही त्याच्यासोबत स्टुडिओत नव्हता. म्हाताऱ्याने आपला भाग गाऊन ठेवला, बाकीच्यांनी आपापल्या सोयीने आपले तुकडे जोडले, काहींनी तर टेलिफोनच्या लाइनीवरून. अल्बम लाखोंनी खपला. माणसांना शेजारी बसवायची गरज नाही हे एकदा सिद्ध झालं, मग शेजारी बसवतो कोण?

टोनी बेनेट मात्र हट्टी निघाला. समोरासमोर उभं राहून गाणार, नाहीतर नाही. अ‍ॅमी वाइनहाउसबरोबरचं त्याचं गाणं २०११च्या मार्चमध्ये लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत झालं. ती २७ वर्षांची, तो ८४चा. ती घाबरलेली आणि तो तिला सांभाळून घेणारा. जुलैत ती गेली. सप्टेंबरात अल्बम आला आणि ८५व्या वर्षी बेनेट अमेरिकेच्या यादीत पहिल्या नंबरावर गेला. ते गाणं ऐकताना एक दुसऱ्यासाठी थांबतो ते कळतं. थांबायला समोर कुणी असावं लागतं.

आपल्याकडे आशा भोसले यांनी २००६ साली ‘आशा अँड फ्रेंड्स’ काढला. फ्रेंड्स कोण? संजय दत्त, ऊर्मिला मातोंडकर आणि ऑस्ट्रेलियाचा जलदगती गोलंदाज ब्रेट ली. ही यादी मी अजूनही अधूनमधून वाचतो, प्रकृतीला बरी असते. आशाबाईंचं पुनरागमन म्हणायची कुणाची छाती नाही, कारण बाई गेल्याच कधी? सत्तरी ओलांडल्यावर ताशी दीडशे किलोमीटरवाल्यासमोर उभं राहायचं आणि त्याला सुरात आणायचं, हे त्यांनाच शोभतं. तरीही जाता जाता एक बारीकसा चिमटा: अदनान सामीबरोबरचं त्यांचं युगुलगीत देशभर वाजलं तेव्हा आवाज आशाबाईंचा होता आणि पडद्यावर दिसत होत्या अदिती गोवित्रीकर. आवाज थोरल्या पातीचा, चेहरा धाकट्या पातीचा. कंपनीला दोन्ही हवे असतात, फक्त एकाच माणसात नको असतात.

यात नुसता भाबडेपणा नाही, हिशेबही आहे. भारतात ध्वनिमुद्रिकेवरचा हक्क ६० वर्षं टिकतो. त्यानंतर ते मूळ मुद्रण कुणीही वाजवावं. साठीच्या दशकातली एकेक सोन्याची अंडी अशी कंपनीच्या टोपलीतून निसटायला लागली आहेत. तेच गाणं, तोच गायक आणि सोबत एक नवं पोर असं पुन्हा गाऊन घेतलं की नव्या मुद्रणाची साठ वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायला मोकळे. गायकांना रॉयल्टीचा हक्क कायद्याने मिळाला तो २०१२च्या दुरुस्तीत. त्यांची हक्क संस्था निघाली पुढच्या वर्षी. त्याआधी ज्यांनी आयुष्यभर एकरकमी पाकिटावर गायलं, त्यांनी उतारवयात आलेल्या चेकला नाही म्हणावं असं मी कुठल्या तोंडाने सांगू? म्हाताऱ्याने पैसे जरूर घ्यावेत. मोजूनही घ्यावेत. माझं भांडण पलीकडच्या खुर्चीत बसलेल्याशी आहे.

आता गावाकडे येतो. परत येणं म्हणजे काय, हे ज्याने हिंदुस्थानाला दाखवलं तो गायक आमच्या टेकडीच्या पायथ्याशी राहत होता. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ, म्हणजे कुमार गंधर्व. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचे. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्यांची हुबेहूब नक्कल करून सभा गाजवणारं पोर. आज असतं तर पहिल्याच फेरीत परीक्षक खुर्चीवर उभे राहिले असते आणि चौथ्या फेरीत त्याला धोतर नेसवून नाचवलं असतं. पुढे क्षय झाला. कोरडी हवा म्हणून १९४८च्या जानेवारीत देवासला आले आणि गाणं बंद. डॉक्टरांची सक्त मनाई. पाच-सहा वर्षं हा माणूस खाटेवर पडून होता. पहिल्या पत्नी भानुमतीबाईंनी, ज्या स्वतः गायिका, शाळेत नोकरी करून घर आणि औषधपाणी सांभाळलं. स्ट्रेप्टोमायसिन आलं, जीव वाचला, एक फुप्फुस निकामी झालं ते झालंच.

त्या काळात ‘फीचरिंग’ कोण होतं म्हणाल, तर खिडकीखालून गात जाणाऱ्या माळवी बायका आणि नाथपंथी साधू शीलनाथांच्या धुनीवर भजनं म्हणणारे जोगी. लग्नातली, पेरणीतली, जत्रेतली गाणी हा पडल्या पडल्या ऐकत राहिला, मनात साठवत राहिला. १९५३मध्ये तो पुन्हा मैफलीत बसला तेव्हा जुनी पेटी उघडून जुनेच दागिने दाखवले नाहीत. त्या धुनांतून निघालेले मालवती, लगनगांधार, सहेली तोडी असे राग पुढे आले, बंदिशी आल्या, आणि छोट्या दमात मोठा आवाका दाखवणारी ती तुटक, फेकीची गायकी आली, जिच्यावर अर्धा महाराष्ट्र तेव्हा रुसला आणि पुढे पाऊण महाराष्ट्राने तिची नक्कल केली. त्या बायकांपैकी एकीचंही नाव आज आमच्या ओठांवर नाही, हेही इथेच नोंदवतो. पाया पडण्याच्या रांगेत आम्हीही त्यांना विसरलोच.

आणि युगुलगीत? तेही आहे. १९७०च्या आसपास बाळ कोल्हटकरांच्या ‘देव दीनाघरी धावला’ या नाटकासाठी वसंत देसाई गाणी करत होते. कुमारजींबरोबर गायला त्यांनी निवडली एक नवखी मुलगी, जन्माने वेल्लोरची, बँकेत नोकरी केलेली, लग्न करून मुंबईत आलेली आणि पतियाळा घराण्याच्या उस्ताद अब्दुल रहमान खाँसाहेबांकडे शिकणारी. वाणी जयराम. तिची गाणी असलेला ‘गुड्डी’ चित्रपट अजून यायचा होता, देशाने तिचं नाव ऐकलं नव्हतं. इकडे पंचेचाळिशीचा, एका फुप्फुसावर गाणारा, ऐन भरातला गवई. कंपनीच्या आजच्या अधिकाऱ्याने हा कागद पाहिला असता तर विचारलं असतं, मुलीचे फॉलोअर किती?

दोघांनी त्या नाटकासाठी गायलेलं ऋणानुबंधांचं ते गाणं मराठी घरांत अजून वाजतं. सत्यनारायणापासून षष्ट्यब्दीपर्यंत कुठेही वाजतं. एकदा नीट कान देऊन ऐका. कुमारजींचा सूर अचानक उसळतो, मध्येच सोडून देतो, पुढचं तुम्हीच समजून घ्या म्हणतो. वाणीबाईंचा सूर सरळ, तासून घेतलेला, कुठेही खोगीरभरती नाही. तिने त्यांची नक्कल केलेली नाही आणि त्यांनी तिच्या वयाचं होण्याची धडपड केलेली नाही. दोघांत वीस-एक वर्षांचं अंतर आहे आणि ते गाण्याने लपवलेलं नाही, त्याच अंतरावर गाणं उभं आहे. आणखी एक गंमत: मराठी माणसाच्या डोळ्यांत हमखास पाणी आणणारं हे गाणं एका कानडी घरातल्या आणि एका तमिळ घरातल्या गळ्यांनी गायलंय. अस्मितेच्या सभेत हे लावताना ध्वनिवर्धक जरा बेतानेच वाढवावा.

वसुंधराबाई आणि कुमारजींची एकत्र गायलेली निर्गुणी भजनं ही तर वेगळीच गोष्ट. वसुंधरा श्रीखंडे आधी शिष्या, १९६२पासून पत्नी. तिथे कोण थोरली पाती नि कोण धाकटी, हे ऐकणाऱ्याने ठरवायचं. मी अजून ठरवलेलं नाही, आणि आमच्या पानवाल्याशी यावरून माझा वाद चालू आहे. त्याचं मत वसुंधराबाईंच्या बाजूने पक्कं आहे. देवासात पानवाल्याशी गाण्यावर वाद घालून कुणी जिंकत नाही.

हल्लीच्या युगुलगीतांत पट्टीचाही वाद उरलेला नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं. पुरुषाची काळी एक, बाईची काळी चार, वय झालं की दोघांचीही पट्टी उतरलेली. म्हणजे जोडीने गायचं तर कुणीतरी पडतं घ्यायचं, कुणीतरी ताणायचं. पूर्वी त्यावरून रुसवेफुगवे होत, चहा थंड होई, संगीतकार मध्ये पडे. त्या झटापटीतून गाण्याला थोडी धग यायची. आता कॉम्प्युटर दोघांनाही हव्या त्या पट्टीत आणून बसवतो. सत्तरीतल्या गळ्यावरची खरखरही पुसून देतो. ज्या खरखरीसाठी म्हाताऱ्याला बोलावलं, तीच पहिल्यांदा झाडून काढतात.

पुनरागमनाचा मान माळव्यात पहिला कुणाचा म्हणाल, तर बाजबहादूरचा. मांडूचा सुलतान, धार जिल्ह्यातल्या डोंगरावर रूपमतीबरोबर गाण्यात दंग. धरमपुरीचे लोक नर्मदेकडे बोट दाखवून सांगतात की रूपमती आमची. सारंगपूरचेही तेवढ्याच ठामपणे सांगतात की आमची. गायिका गाजली की गावं वाढतात. १५६१मध्ये अकबराचा सरदार आधमखान चालून आला. बाजबहादूर पळाला. रूपमतीने, म्हणतात, विष घेतलं. काही वर्षं रानोमाळ भटकून सुलतान शेवटी अकबराला शरण गेला आणि मनसबदार झाला. अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त दरबारातल्या गवयांची यादी दिली आहे, तीत तानसेनाबरोबर हेही नाव आहे, तेही बिनतोड गवई म्हणून. राज्य गेलं, जोडीदारीण गेली, आणि हा दुसऱ्याच्या दरबारात गायला परत आला. याला म्हणतात कंपनी बदलणं.

आजचा काळ असता तर जोडीदारीण गेली म्हणून काही अडलं नसतं. नॅटली कोलने १९९१ साली आपल्या वडिलांबरोबर युगुलगीत गाऊन धमाल उडवून दिली होती. वडील नॅट किंग कोल १९६५मध्येच वारले होते. २०२४च्या ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटात ए. आर. रहमान यांनी दोन दिवंगत गायकांचे आवाज यंत्राकडून पुन्हा गाववले. घरच्यांची परवानगी घेतली, मोबदला दिला, एवढं त्यांचं श्रेय. पण वाट आता रुंद झाली. मेलेला गायक कंपनीला सगळ्यांत सोयीचा. तारीख बदलत नाही, खोकत नाही, गाडी मागत नाही, आणि रॅपरला मध्येच उठून ‘बाळ, बस खाली’ म्हणत नाही. थोरली पाती अशी कायमची निवांत झाली की धाकट्या पातीने तिच्याशी हवी तेवढी युगुलगीतं गावीत.

रूपमतीचं तेवढं नशीब चांगलं. तिच्या आवाजाची एकही तबकडी मागे राहिली नाही.